बसून दमण्याचा खेळ

दर वर्षी मे महिन्यात मी पाच दिवसांची रजा टाकतो आणि सांगलीला जातो. बँकेत सगळ्यांना वाटतं, कुणाचं तरी लग्न असणार. बुद्धिबळाची स्पर्धा आहे म्हटलं की तीन प्रश्न ठरलेले. किती चाली पुढचं दिसतं? बसून बसून कंटाळा येत नाही का? आणि बक्षीस किती? तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे, मला आजवर मिळालेलं नाही. पहिल्या दोन्हींसाठी एक अख्खा दिवस सांगावा लागेल. हा यंदाच्या पाचांतला तिसरा.

पहाटे ५.४५

लॉजच्या खोलीत आम्ही तिघं, त्यातले दोघं घोरताहेत. मी मोबाइलवर आजच्या पाचव्या फेरीची जोडी पुन्हा पाहतो. रात्री अकराला यादी लागली तेव्हाही पाहिली होती, पण नाव बदलेल अशी एक वेडी आशा असते.

स्पर्धा नऊ फेऱ्यांची, स्विस पद्धतीची. १८९५ साली झ्युरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली म्हणून हे नाव. इथे हरणारा बाहेर पडत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ घालतात आणि शेवटपर्यंत सगळे खेळतात. ऐकायला हे दयाळू वाटतं. प्रत्यक्षात सकाळी नाक कापून घेतलेल्या माणसालाही दुपारी पुन्हा पटासमोर बसावं लागतं.

चार फेऱ्यांत माझे दोन गुण. समोर दोनच गुणांची एक मुलगी, वय अकरा. तिचं रेटिंग १५३२, माझं १६८२.

रेटिंग म्हणजे खेळाडूचं पासबुक. हंगेरीत जन्मलेले अमेरिकेतले प्राध्यापक आर्पाद एलो यांनी ही पद्धत बसवली आणि जागतिक संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून कुणाकडून किती अपेक्षा, हे डाव सुरू व्हायच्या आधीच ठरतं. दीडशेचा फरक असला की वरच्याने शंभर डावांत सत्तर गुण कमवावेत असा हिशेब. म्हणून आज मी जिंकलो तर सहा अंक जमा होणार, हरलो तर चौदा वजा. लहान मुलांचं खातं दुप्पट वेगाने हलतं. ती जिंकली तर तिला अठ्ठावीस. अकरा वर्षांच्या मुलीशी खेळायला सत्तेचाळीस वर्षांचा माणूस का घाबरतो, ते या आकड्यांत आहे.

सकाळी ७.००

कृष्णेच्या घाटापर्यंत चालत. आयर्विन पुलाखाली पाणी कमी आहे, पण हवा अजून गार आहे. चालताना मी ओपनिंगच्या चाली मनातल्या मनात म्हणतो, लोक स्तोत्र म्हणतात तसं. सुरुवातीच्या दहा-बारा चाली बहुतेक पाठांतराच्याच असतात. फुकट मिळणारा ‘स्टॉकफिश’ हा प्रोग्रॅम आज कुठल्याही जगज्जेत्यापेक्षा चांगला खेळतो आणि तो सगळ्यांच्या लॅपटॉपमध्ये आहे. त्यामुळे पाठांतरात अकरा वर्षांची मुलगी आणि मी सारखेच. फरक असलाच तर तिची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा ताजी आहे.

परतताना पोहे आणि अर्धाच कप चहा. अर्धाच का, ते चार तास खुर्चीत काढायचे असले की कळतं.

सकाळी ९.१५

हॉलच्या दारात टेबल. मोबाइल आणि मनगटी घड्याळ तिथे जमा करायचं. खेळताना कुणाच्या खिशात फोन सापडला, तर तो बंद असला तरी डाव गेला. नियम कडक आहे, आणि असायलाच हवा. खिशातल्या त्या चार इंची डबीत जगज्जेत्याहून मोठा खेळाडू बसलेला असतो.

बाहेर व्हरांड्यात पालकांची गर्दी. डबे, पाण्याच्या बाटल्या, कोपऱ्यात रडून सुजलेला एखादा चेहरा. सांगलीला हे दृश्य नवं नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी या गावाला बुद्धिबळाचं वेड लावलं. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे ही नावं इथले रिक्षावालेही ओळखतात. माझ्या प्रतिस्पर्धी मुलीच्या वहीवर दिव्या देशमुखचा फोटो चिकटवलेला आहे. नागपूरच्या या मुलीने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून हॉलमध्ये वेण्या घातलेली डोकी बरीच वाढली आहेत.

सकाळी ९.३०

हस्तांदोलन. पंच सांगतात, घड्याळं सुरू करा. काळे मोहरे घेतलेला खेळाडू बटण दाबतो आणि पांढऱ्याचा वेळ पळू लागतो. मी पांढरा. प्रत्येकाला नव्वद मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे तीस सेकंद जादा. चाल करायची, बटण दाबायचं, कागदावर चाल लिहायची. हीच तीन कामं, पुन्हा पुन्हा.

मी आजोबांकडून शिकलो, घराच्या ओट्यावर. त्यांचा खेळ देशी होता. प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालायचं आणि राजाला एकदा घोड्याची उडी मारायची सवलत असायची. पण खरी सवलत वेगळीच होती. चाल चुकली की आजोबा म्हणायचे, “बघ बरं पुन्हा.” मी मोहरा मागे घ्यायचो.

इथे ते नाही. मोहऱ्याला हात लागला की तोच चालवायचा, आणि घरात ठेवून हात सुटला की ती चाल पक्की. ओट्यावरचा खेळ आणि स्पर्धा यांत एवढाच फरक आहे. बाकी सगळा ताण, भीती, झोप उडणं, त्या एका नियमातून येतं.

सकाळी १०.१५

पहिली पंधरा मिनिटं भराभर गेली, आता पाठांतर संपलं. हॉलमध्ये शंभर माणसं आहेत आणि आवाज फक्त पंख्यांचा. मधेच बटणाचा ठक्क, खुर्चीचा करकराट, कुणाचा तरी खोकला.

किती चाली पुढचं दिसतं? पांढऱ्याला पहिल्या चालीसाठी वीस पर्याय असतात, काळ्यालाही वीस. म्हणजे दोघांनी एकेकदा हात हलवला की पट चारशे प्रकारे मांडलेला असू शकतो. पुढची वाढ कुणाच्याही डोक्यात मावणारी नाही. म्हणून आम्ही सगळं पाहतच नाही. तीन-चार चाली निवडतो आणि त्यांच्या मागे जातो. मी हे केलं, तिने ते केलं, मग मी, मग ती. पाचव्या पायरीला आठवत नाही की तिसरीत उंट कुठे होता. परत मुळाशी. परत चढायचं. पटावर काहीच हललेलं नसतं आणि डोक्यात चार लढाया होऊन गेलेल्या असतात. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो गालावर हात ठेवून बसलेला एक टक्कल पडलेला माणूस.

मुलगी मात्र चाल करते आणि उठते. इतर पट बघत फिरते, खिशातून चॉकलेट काढते, परत येते, उभ्या उभ्या उत्तर देते. मला वाटतं, ही नीट बघत नाहीये. हा विचार ज्याच्या मनात येतो, त्याचं काहीतरी बिनसणार असतं.

सकाळी ११.२०

एक घोडा माझ्या पदरात पडला. तिने फिरून येऊन घाईने चाल केली आणि मला एक मोहरा फुकट मिळाला. वजिरांची मारामारी होऊन दोन्ही वजीर पटाबाहेर गेले. आता तिच्याकडे हत्ती आणि प्यादी, माझ्याकडे हत्ती, घोडा आणि प्यादी. या पातळीवर हा डाव जिंकलेला मानतात.

इथे बँकेतली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कुठलीही मोठी रक्कम एकट्याच्या सहीने हलत नाही. एक जण नोंद करतो, दुसरा तपासून पास करतो. पहिला कितीही हुशार असो, दुसरा लागतोच, कारण नोंद करणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. त्याला तीच रक्कम दिसते जी त्याच्या मनात आहे.

पटावर नोंद करणारा मीच आणि पास करणाराही मीच. स्पर्धेतलं बुद्धिबळ अवघड असतं ते इथे. चांगली चाल सुचणं हा अर्धा भाग. ती सुचल्याच्या आनंदात असलेल्या माणसाला बाजूला सारून, त्याच खुर्चीत दुसऱ्या संशयखोर माणसाला बसवायचं आणि विचारायचं: ही चाल केली तर समोरचा शह कुठे देतो? काय मारतो? कशाची धमकी देतो? पूर्वी लोक आधी चाल कागदावर लिहायचे, मग पुन्हा पट पाहायचे आणि मगच हात उचलायचे. लेखणी हाच तपासनीस होता. आता नियमाने आधी चाल लिहिता येत नाही. म्हणून मी हात मांडीखाली घेऊन बसतो. हसू नका, हॉलमध्ये निम्मे लोक तसेच बसलेले असतात.

सकाळी ११.५०

एकतिसावी चाल.

माझा राजा कोपऱ्यात आहे, त्याच्यासमोर त्याचीच तीन प्यादी. पहारेकरी म्हणून ठेवलेली. पण राजाला मागे-पुढे सरकायला घर नाही, आणि त्या शेवटच्या रांगेत शत्रूचा हत्ती घुसला तर पहारेकरीच भिंत होतात. उपाय एका चालीचा आहे. कडेचं प्यादं एक घर पुढे सारायचं, राजाला खिडकी करून द्यायची. चोविसाव्या चालीला मी मनाशी ठरवलं होतं, खिडकी उघडायची. पंचविसाव्याला म्हटलं, पुढच्या चालीला. तोवर माझा हत्ती त्या रांगेवर राखण करत होताच.

एकतिसाव्या चालीला त्या हत्तीला पटाच्या दुसऱ्या टोकाला एक फुकटचं प्यादं दिसलं. मी मारलं. बटण दाबलं. कागदावर लिहिलं.

लिहितानाच कळलं. ते नेमकं कसं असतं, हे सांगणं कठीण आहे. जिन्यावर आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं पोटात होतं. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, कारण समोरचीला अजून दिसलेलं नसेल. मी निर्विकारपणे पाण्याची बाटली उघडली.

मुलगी या वेळी उठली नाही. खुर्चीत गुडघे घेऊन बसली, वीसेक सेकंद पट पाहिला आणि हत्ती शेवटच्या रांगेत आणून ठेवला. मात. माझा घोडा चार घरांवर मस्त उभा होता, बघत.

दुपारी १२.१०

हात मिळवला, निकालाच्या कागदावर सही केली. हे सगळं शांतपणे करायचं असतं. बाहेर आल्यावर ती वडिलांचा हात सोडून माझ्याकडे आली. “काका, मी तर डाव सोडणारच होते. बाबा म्हणाले होते, आपणहून कधी सोडायचा नाही.”

मी विचारलं, “मग शेवटी उठली नाहीस ती?”

“तुम्ही पाणी प्यायलात ना, म्हणून. तुम्ही तोवर एकदाही प्यायला नव्हतात.”

चूक फक्त माझ्यासारख्यांची मक्तेदारी नाही. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या चौदाव्या आणि शेवटच्या डावात चीनचा डिंग लिरेन पंचावन्नाव्या चालीला हत्ती चुकीच्या घरात घेऊन गेला. बरोबरीकडे चाललेला डाव गेला, मुकुटही गेला आणि अठरा वर्षांचा गुकेश सर्वांत लहान निर्विवाद जगज्जेता झाला. जिंकल्यावर गुकेश रडला आणि रडत रडत पटावरचे मोहरे पुन्हा जागच्या जागी मांडत राहिला. न खेळणाऱ्यांना ते जिंकल्याचं रडू वाटलं असेल. मला तो चार तासांनी पाठ टेकलेला माणूस वाटला.

दुपारी १.१५

खानावळीत थाळी. भूक नाही, तरी दही-भात खाल्ला, कारण साडेतीनला सहावी फेरी. घरून फोन.

“जेवलात का?”

“हो.”

“म्हणजे हरलात.”

वीस वर्षांच्या संसारात ती पटावरचा एक मोहरा ओळखायला शिकली नाही, पण माझा ‘हो’ तिला ओळखता येतो. इतर खेळांत सांगायला काहीतरी असतं. खेळपट्टी खराब होती, पंचांनी चुकीचं आऊट दिलं, पाय मुरगळला. पत्त्यांत पानं वाईट येतात. इथे दोघांना सारखीच सोळा मोहऱ्यांची फौज, सगळं उघड्यावर, वाटलेलं सारखं. हरलो त्याला कारण मी. यावर ती म्हणाली, “थोडं पडा.” मी पडलो. डोळे मिटले की छताऐवजी ती शेवटची रांग दिसत होती.

दुपारी ३.३०

समोर बेळगावचे एक निवृत्त शिक्षक. वय अडुसष्ट, रेटिंग १७९०, गळ्यात मफलर, मे महिन्यात. आमची जुनी ओळख. “काय साहेब, सकाळी खिडकी उघडायची राहिली म्हणे?” हॉलमध्ये बोलायला बंदी असते, पण बातम्या पोहोचतात.

मी काळा. सकाळी हरलेला माणूस दुपारी दोनांपैकी एक चूक करतो. एकतर वसुलीला निघतो, नाहीतर भेदरून आपल्या घरात दडून बसतो. मी दडून बसलो. सरांनी घाई केली नाही. त्यांनी माझं एकेक घर काढून घेतलं, जसा जुना शिक्षक फळा पुसतो, एका कडेपासून सुरुवात करून. चाळिसाव्या चालीला माझं एक प्यादं कमी होतं.

संध्याकाळी ५.३०

बहुतेक पट रिकामे झाले. पंख्यांचा आवाज वाढल्यासारखा वाटतो. सरांकडे हत्ती आणि दोन प्यादी, माझ्याकडे हत्ती आणि एक. माझ्या घड्याळात तीन मिनिटं. म्हणजे चालीमागे मिळणाऱ्या तीस सेकंदांवर जगायचं. रोजंदारी.

“बसून बसून दमता कशाने?” त्याचं उत्तर या तासात आहे. बोटं गार पडतात, कान तापतात, शर्ट पाठीला चिकटतो. लघवीला जायची सोय नाही, कारण तीस सेकंदांत जाऊन येता येत नाही. १९८४ च्या सप्टेंबरात मॉस्कोत कार्पोव आणि कास्पारोव यांचा जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. अठ्ठेचाळीस डाव झाले, त्यातले चाळीस बरोबरीत सुटले, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये निकालाशिवाय तो थांबवावा लागला. कार्पोवची ओढलेली गालफडं त्या वेळच्या फोटोंत दिसतात. दोघंही पाच महिने फक्त बसले होते.

संध्याकाळी ६.१५

शेवटचं माझं प्यादं गेलं, सरांचंही एक गेलं. आता त्यांचा राजा, हत्ती, एक प्यादं. माझा राजा आणि हत्ती. न खेळणारा म्हणेल, संपलं.

पण फिलिदोर नावाच्या एका फ्रेंच माणसाने, जो पोटापाण्यासाठी ऑपेरांना संगीत देत असे, १७७७ सालच्या पुस्तकात या नेमक्या अवस्थेतून सुटण्याची वाट लिहून ठेवली आहे. राजा प्याद्याच्या वाटेत ठेवायचा. हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेवर उभा करायचा आणि तिथून हलवायचा तो आडवाच. शत्रूच्या राजाला ती रांग ओलांडू द्यायची नाही. वैतागून त्याने प्यादं त्या रांगेत ढकललं, की आपला हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. आता राजाला लपायला प्याद्याचा आडोसा उरलेला नसतो.

एवढंच. हत्ती डावीकडे, हत्ती उजवीकडे. यात बुद्धी काही नाही. पण प्रत्येक वेळी हात मांडीखाली घालून, तिसरी रांग कुठली ते मोजून, मगच. सकाळच्या संशयखोर माणसाला मी दुपारभर खुर्चीतून उठूच दिलं नाही.

संध्याकाळी ६.५५

अठ्ठ्याहत्तरावी चाल. सरांनी प्यादं ढकललं होतं, मी मागून शह दिले होते. सहाव्या शहाला त्यांनी राजा हलवला, हळूच म्हणाले, “बरोबरी?” आणि बटण दाबलं. प्रस्ताव याच क्रमाने द्यायचा असतो. आधी चाल, मग शब्द, मग घड्याळ. मी हात पुढे केला. दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवले.

“फिलिदोर पाठ होता वाटतं,” बाहेर येताना सर म्हणाले.

“पाठ होता, सर. सकाळी खिडकीही पाठ होती.”

ते हसले. मग मफलर सोडून घाम पुसला. एवढा वेळ तो त्यांनाही फुटला होता, हे मला तेव्हा कळलं.

रात्री ९.००

खोलीत भडंगाचा कागद मधे पसरून आम्ही तिघं दिवसाचे डाव पुन्हा मांडतो. मोबाइलवरचा ‘स्टॉकफिश’ अर्ध्या सेकंदात सांगतो की सकाळी तिसाव्या चालीपर्यंत मी पूर्ण जिंकलो होतो. धन्यवाद.

रोजची कॅश जुळवतो तशी मी दिवसाची शिल्लक काढतो. सकाळी वजा चौदा. दुपारी वरच्या रेटिंगवाल्याशी बरोबरी, त्याचे अधिक तीन. एकूण वजा अकरा. सहा फेऱ्यांत अडीच गुण. उद्या साडेनऊला सातवी फेरी.

तुमच्या घरात, शेजारात असा कुणी खेळायला जाणारा असेल, अकराचा किंवा अडुसष्टचा, तर तो परतल्यावर “जिंकलास का?” असं विचारू नका. ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. “कुठे चुकलं?” विचारा आणि तो पट मांडून दाखवू लागला तर काही न कळता का होईना, पाच मिनिटं ऐकून घ्या. दिवसभर त्याची चूक तपासायला त्याच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. पण त्याआधी जेवायला वाढा.